उत्तीर्ण विद्यार्थिनीस सव्वीस वर्षांनंतर नापास करण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय: मीच दिलेला चौथीचा निकाल पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होऊन मिळणेबाबत.
संदर्भ: १) ‘एकही मूल मागे ठेवू नये’ हे आपले जुने परिपत्रक. २) त्यास अनुसरून मी सादर केलेले शंभर टक्के निकालपत्रक.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी शाळा क्रमांक दोनमध्ये चौतीस वर्षे सहशिक्षक असून या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहे. या काळात देशाच्या शिक्षणात चार वेळा आमूलाग्र सुधारणा झाली. चारही वेळा मी प्रशिक्षणास हजर होतो. तरीही मी सुधारलो नाही, ही बाब सुरुवातीसच प्रांजळपणे नमूद करतो.

१. पहिल्या काळात मुले नापास करणे हे चांगल्या शिक्षकाचे लक्षण समजले जाई. मी अतिशय चांगला शिक्षक होतो. माझ्या चौथीत काही मुलांनी तीन-तीन वर्षे मुक्काम ठोकला होता. त्यांतल्या एकाला मिसरूड फुटले, तेव्हा तपासणीस आलेल्या साहेबांनी त्यालाच शिक्षक समजून हजेरीपट मागितला. माझ्याकडे त्यांचे लक्ष बऱ्याच वेळाने गेले.

२. पुढे राष्ट्रीय समितीचा अहवाल आला. नापासाच्या धास्तीने मुले शाळा सोडतात, असे त्यात म्हटले होते आणि ते खरेच होते. मूल कोठे अडते ते शोधावे, तेथे हात द्यावा आणि मग पुढे न्यावे, असा आदेश निघाला. त्यातले ‘पुढे न्यावे’ एवढेच मी मनावर घेतले. त्रेपन्न मुलांचे शेरे लिहिण्याचा कंटाळा म्हणून बाजारातून ‘प्रगती समाधानकारक’ असा रबरी शिक्का करवून घेतला. सगळी प्रगतिपुस्तके चहा गार होण्याच्या आत उरकली. निकाल शंभर टक्के लागला व आपल्या कार्यालयाने मला प्रशस्तिपत्र दिले. ते आमच्या बैठकीच्या खोलीत टांगलेले असून पत्नी त्याच्यामागे विजेची बिले खोचते.

३. तिसऱ्या सुधारणेत बाके निघाली, मुले गोलात बसली आणि शिक्षकाने गाऊन शिकवावे असे ठरले. मी गायलो. दोन पालकांनी मुले दुसऱ्या तुकडीत हलवली. चौथ्या सुधारणेत संगणक आला. त्यात मुलांची माहिती भरून वेळ उरल्यास मुलांकडेही बघता येते.

४. आता मूळ तक्रार. ती माझ्याचविरुद्ध आहे. गेल्या महिन्यात पालकसभेला शाळेसमोर इस्त्रीचे दुकान चालवणारी बाई मुलाचे प्रगतिपुस्तक घेऊन आली. माझ्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, “सर, हा तुटका कोपरा माझ्याही पुस्तकात होता. काय लिहिलंय हो यात?” तो शिक्का अद्याप वापरात होता, हे ओघाने आलेच. मी तिला ओळखले. सव्वीस वर्षांपूर्वी ती माझ्या चौथीत खिडकीजवळ बसे. वर्षभर ती गप्प होती आणि मी तो समजूतदारपणा समजलो. तिला वाचता येत नाही. गिऱ्हाइकांचे कपडे ती रंगीत दोऱ्यांच्या खुणांनी ओळखते आणि आजवर एकाही सदऱ्याची अदलाबदल झालेली नाही. माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल मला तेवढे सांगता येणार नाही. शिक्क्यावर काय आहे ते मी तिला वाचून दाखवले. महोदय, मला फार लाज वाटली.

५. सदर महिलेस रुग्णालयाच्या धुलाईघरात कायमचे काम मिळत आहे. तेथे वॉर्डांच्या चिठ्ठ्या वाचून चादरी लावाव्या लागतात. चौथी पासचा दाखला पाहून त्यांनी तिला लगेच घेतले असते. वाचता येत नाही, हे तिनेच सांगून टाकले. ते तीन महिने थांबायला तयार आहेत. म्हणून ती प्रौढ शिक्षण वर्गात गेली. तेथे प्रवेश फक्त निरक्षरांना, आणि ती माझ्या सहीने साक्षर. मी स्वतः जाऊन खुलासा केला, तेव्हा कागदापुढे माझे काही चालणार नाही असे तेथील लिपिक म्हणाले. कागद माझ्याच अक्षरातला होता.

६. सबब विनंती की, तिचा चौथीचा निकाल रद्द करून तिला वर्गात प्रवेश द्यावा. संगणकात ‘नापास’ हा पर्यायच नसल्याचे समजते. तसे असल्यास माझा शंभर टक्के निकाल अठ्ठ्याण्णव करावा. प्रशस्तिपत्र परत करीत आहे, बिलांची सोय आम्ही दुसरीकडे बघू. हेही नियमात बसत नसेल, तर मलाच नापास करून आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवावे. मिसरुडाची अडचण आता येणार नाही.

७. तोवर शाळा सुटल्यावर मी तिला विनापरवाना शिकवत आहे. पहिल्याच दिवशी तिने बजावले, “सर, या खेपेला परीक्षा घ्या. नाही आलं तर नाही आलं म्हणा.” असे मला आजवर कोणत्याही परिपत्रकाने इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

उशिरा जागा झालेला, आपला नम्र,
(सही)
सहशिक्षक, इयत्ता चौथी
दिनांक: तेवीस, अर्ज लिहिला तो बारा तारखेस

सोबत:
१) निकालपत्रकाची प्रत.
२) मूळ प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
३) सदर महिलेचे संमतिपत्र. अंगठा लावायला तिने नकार दिला व सही येईपर्यंत मला थांबवले, म्हणून अकरा दिवसांचा विलंब झाला. सहीतले शेवटचे अक्षर ओळीखाली घसरले आहे, पण ते तिने माझा हात बाजूला सारून काढले आहे.