अर्ध्या बरणीतलं यीस्ट

प्रिय छोट्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. जीव थाऱ्यावर नाही तो फक्त माझा. एवढ्या दोन ओळी लिहिताना तीनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो. ओट्यावर आपली ती पसरट बुडाची काचेची बाटली आहे, येताजाता तिला हलवतो. तुझी वहिनी म्हणते, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?

शनिवारी घरची बिअर लावायची, म्हणून परवा यीस्ट वाढवायला घेतलं. माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, पाणी उकळून निवत ठेवलं, फ्रिजमधली बरणी काढली. ताईच्या पन्नाशीनंतर आपलं बिनसलं, तेव्हा पिंपं, नळ्या, झाकणं सगळं माझ्याकडे सोडून तू फक्त अर्धं यीस्ट मागितलंस. दहा वर्षं दोघांनी जपलेलं, दर खेपेला थोडं मागे ठेवून पुन्हा वाढवलेलं. मी ते चमच्याने मोजून दिलं. इतका कोता वागलो.

पाणी कोमट झाल्याशिवाय ओतायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. पण मला कुठला धीर! बाटली हाताला चटका देत होती, तरी म्हटलं, चालतंय, आणि अख्खी बरणी उपडी केली. दोन दिवस झाले. एव्हाना फेस गळ्याशी यायला हवा होता, इथे एक बुडबुडा नाही. मेलं ते, छोट्या. मारलं मीच, आणि तरी वेड्यासारखा बाटली हलवतोय.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. ताईच्या पन्नाशीची बिअर नुसतं गोड पाणी राहिली, आठवतं? ती लावली त्या दिवशी तू पाणी निववायला बर्फ आणायला गेलास, तेवढ्यात मी असंच गरम पाण्यात यीस्ट ओतलं होतं. आणि पन्नाशीच्या दिवशी भरल्या घरात सगळ्यांना सांगितलं, छोट्याने बाटली नीट धुतली नाही. तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. आज सकाळी ताईला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस, त्याला सांग. म्हणून हे पत्र. तुझी अर्धी बरणी जिवंत असेल तर चमचाभर घेऊन ये. द्यावंसं वाटलं नाही, तर रिकाम्या हाताने ये. ओतताना माझा हात धरायला कुणीतरी हवं.

तुझाच, उतावळा
दादा