रिपोर्ट आल्यानंतरचे चार दिवस

अण्णा,

आज लॅबमध्ये एका माणसाच्या छातीतल्या गाठीची काचपट्टी आली. मॅडमनी बघितली, मग मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. प्रतिकार करणाऱ्या पेशी घोळक्याघोळक्यानं बसलेल्या. टी पेशी इशारा देतात, भक्षक पेशी धावून येतात, शत्रूला कोंडायला एकमेकींना चिकटतात, काही तर मिसळून एकच मोठी पेशी होतात. टीबीसाठी रंगवलेल्या काचेवर जंतूंच्या लाल काड्या मी शोधशोध शोधल्या. एकही नव्हती. एवढा बंदोबस्त, आणि मध्ये कोणीच नाही. सार्कॉइडोसिस नावाचा आजार. त्या पेशींना कशानं चेव येतो हे अजून कुणाला नीट सांगता येत नाही. तुमच्या गाठीतही हेच होतं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण तुमच्या त्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

कोल्हारच्या घरी तुमचा खोकला सुरू झाला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आपल्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. छातीच्या फोटोत गाठी दिसल्या, टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या आणि घरातलं राज्य माझ्या हाती आलं. तुमचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. ताटाच्या काठाला मी नेलपॉलिशचा ठिपका लावला. दिवसभर टेम्पोच्या सीट शिवून तुम्ही यायचात आणि दाराजवळ एकटे जेवायला बसायचात. आईनं माझं ऐकलं. धाकटीनं नाही. दहावीनंतर घरीच राहिलेली ती तुमच्यासमोर मांडी घालायची आणि तुमच्याच भाकरीचा पापुद्रा तोडायची. मी ओरडले की म्हणायची, "ताई, तुझं जंतू तुझ्या वहीत ठेव. अण्णांच्या ताटातलं लई ग्वाड लागतं." तुम्ही हसायचात. मला म्हणायचात, "तुझं बरोबर हाय बाई, तू शिकलेली हायेस." आणि पुढचा घास तिला. त्या एका घासावरून मी माझं बरोबर असणं दहा वेळा ओवाळून टाकलं असतं.

गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा पुण्याला गाठीचा तुकडा तपासला. रिपोर्ट आणायला मी एकटीच एसटीनं गेले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जंतू नाहीत, शरीराच्याच पेशी खवळल्यात, हे कुणाला लागत नाही. ताटाचं मीच विचारलं. आजपासून सगळे एकत्र जेवा, म्हणाले. परतीच्या वाटेवर मी मनात ठरवत होते, आज तुमच्या शेजारी मी बसणार. दारात आले तर तुम्ही आणि धाकटी एका ताटात पिठलं खात होतात, कशावरून तरी हसत होतात. मला बघून दोघंही गप्प झालात. तिनं हात मागं घेतला.

"काय म्हन्ले डाक्टर?" तुम्ही विचारलंत.

गोळ्या बदलल्यात, एवढंच मी सांगितलं. मग तिच्याकडे वळून मी म्हणाले, "उद्या तुला झालं तर तुझ्याशी लग्न कोण करील?" रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. या वेळी ती खरंच घाबरली.

नव्या गोळ्या मी त्याच दिवसापासून दिल्या, त्यात कसूर केली नाही. पण चार दिवस ती लांब बसली आणि तुम्ही खाली मान घालून भराभर जेवलात. पाचव्या दिवशी मी सांगितलं, जणू तेव्हाच डॉक्टरांचा फोन आला होता. ताट उचललंत आणि तिच्याजवळ जाऊन बसलात. पुढं दीड वर्षांनी त्याच आजारानं तुमचं हृदय गाठलं.

परवा ती मुलांना घेऊन केडगावला माझ्याकडे आली होती. जेवताना त्यांना सांगत होती की आजोबा पिठल्यावर कांदा बुक्कीनं फोडायचे आणि आतला गाभा तिला द्यायचे. मला हे माहीतच नव्हतं. तुमच्या गाठीतल्या एकेका पेशीचं नाव मला येतं, आणि ती कांद्याचा गाभा सांगत होती.

हे खरं तर तिनं वाचायला हवं. तिला देणार नाही. तिला अजून वाटतं की मी तिच्या काळजीनं ओरडले होते.

आणि अण्णा, त्या चार दिवसांत भ्यायचं काही कारण नाही हे मला एकटीला ठाऊक होतं. तुमच्याशेजारची जागा रिकामी होती. तरी मी बसले नाही. तुम्ही बोलवाल म्हणून ओट्यापाशी उभी राहिले.