बघूनच दाबलं

अण्णा, मी नोकरीत काय करते हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मलाही ते धड सांगता आलं नाही. मी कॉम्प्युटरमध्ये एक खोटा माणूस बनवते. मोबाइलवरच्या याद्या, बटणं सारखी जागा बदलतात. तेव्हा खरा माणूस कुठे बघेल, कुठे बोट ठेवील, ते हा आधीच करून दाखवतो. माझा माणूस कधी चुकायचाच नाही. साहेब खूश होते.

मागच्या महिन्यात आमचं नवं अ‍ॅप घेऊन पंचवटीच्या भाजीबाजारात गेले. आज काय माल आणला ते शेतकऱ्यांनी त्यात भरायचं. पहिल्याच मावशींनी मेथीवर बोट नेलं, तेवढ्यात यादी सरकली आणि त्यांच्या नावावर टेम्पोभर टोमॅटो लागले. मी म्हणाले, "मावशी, जरा बघून दाबा ना." हातातली जुडी आपटून त्या म्हणाल्या, "बघूनच दाबलं. ते हाललं, त्याला मी काय करू?"

मी तिथेच पोत्यावर बसले. हे मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं.

माझा जुना फोन तुम्हाला दिला, त्याच आठवड्यातली गोष्ट. तुम्ही ओट्यावर बसला आहात, मला फोन लावायचाय. माझ्या नावावर बोट टेकवता आणि नेमकी यादी एक घर खाली सरकते. फोन लागतो घोटीला, काकांना. माझ्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून सहा वर्षं तुमचं बोलणं बंद. पलीकडून आवाज येतो, "दादा?" ठेवून द्यायचं सोडून तुम्ही विचारता, "भात कसाय यंदा?" मग तासभर भातच चालतो.

संध्याकाळी तुम्ही हे मला सांगितलंत, तर मी खेकसले, "अण्णा, बघून दाबता येत नाही का?"

"म्या बघूनच दाबलं. ते हाललं."

मी ऑफिसात हा किस्सा विनोद म्हणून सांगत फिरले. डोळ्याने पाहिल्यापासून बोट टेकेपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात पडदा बदलतो, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. बाजारातून परतल्यावर मी खोट्या माणसाला तो उशीर शिकवला. आता तो मावशींसारखाच चुकतो. साहेब म्हणाले, "चुकायला शिकवण्याचा पगार घेतेस होय!" पण यादी सरकवणं त्यांनी बंद केलं.

परवा हे सगळं सांगायला मुद्दाम घोटीला गेले. मी तोंड उघडायच्या आत काका त्यांच्या जावयाला सांगत होते, "फेट्यावरून रुसलो मी, पण दादा मोठ्या मनाचा. त्यानंच आधी फोन केला." डोळे पुसून त्यांनी मला विचारलं, "तुला बोलला असंल ना तो?"

मी म्हणाले, "हो काका. ठरवूनच केला होता."