टेकडीवरचं तापमान

सीडर प्रेअरी, वॉशिंग्टन राज्य
बुधवार, १५ जानेवारी

आदरणीय टोल्फसन सर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कंबरेचं दुखणं आता आटोक्यात असेल. माझं बरं चाललं आहे. आईही बरी आहे. या थंडीत तिनं गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या बांधल्या आहेत आणि त्या काढायला ती तयार नाही.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. चार हिवाळे आपलं बोलणं फोनवरच्या एका ओळीत होत आलं आहे. तापमान, वारा, आकाश. ते मला पुरतं, तुम्हालाही पुरत असावं. पण आज जे लिहायचं आहे ते एका ओळीत बसत नाही, आणि फोन केला तर तुम्ही पुन्हा तापमानच सांगाल अशी भीती वाटते.

आधी आपल्या हवामानवेड्या मंडळाची बातमी. रविवारी दुपारी वाचनालयात आम्ही सातजण जमलो होतो. नवा नकाशा आला होता. कॅनडातून फ्रेझर नदीच्या दरीतली गार हवा आपल्याकडे उतरणार, आणि सोमवारी रात्री समुद्रावरची ओल येऊन तिला भेटणार, असं त्यात स्पष्ट दिसत होतं. ट्वायलाला खुर्चीवर बसवेना.

"पाऊस," गेरिट बूर्स्मा म्हणाला. अजून कोटसुद्धा काढला नव्हता त्यानं.

"अरे, नकाशा तरी बघ आधी!" ट्वायला म्हणाली.

"सहा वर्षं नकाशेच बघतोय. तुझ्या बर्फाची वाट बघून माझ्या गाई म्हाताऱ्या झाल्या."

"या वेळी नाही पडला तर रासबेरीचा गोड पाय भाजून तुझ्या घरी आणून देईन. आख्खा."

"गेल्या वर्षीचा अजून यायचाय, बाई."

पण चेष्टा करता करता तोही माझ्या फोनकडे बघत होता. सगळेच बघत होते. गार हवा आपल्या गावात शिरते ती तुमच्या टेकडीवरून, आणि जाते तीही सगळ्यात शेवटी तिथूनच. हवामान खात्याचं यंत्र वीस मैलांवर विमानतळावर. त्यामुळे विमानतळ काय म्हणतो याला आमच्यात फारसा मान नाही. "सर काय म्हणतात?" एवढंच विचारलं जातं.

सोमवारी संध्याकाळी तुमचा आकडा आला. सत्तावीस, वारा ईशान्येचा, जोरात. बत्तीस फॅरनहाइटला पाणी गोठतं, म्हणजे हाताशी पाच अंश होते. ट्वायला फोनवर अक्षरशः किंचाळली. बर्फ मोजायची पांढरी फळी मी गॅरेजमधून काढली, पुसली आणि हिरवळीवर नेऊन ठेवली. त्रेचाळीस वर्षांची बाई, शाळांच्या बसगाड्यांची मुख्य, आणि मी दर अर्ध्या तासानं खिडकीशी जात होते.

मंगळवारी पहाटे साडेपाचला तुमचा संदेश आला. "छत्तीस. वारा दक्षिणेचा. रस्ता फक्त ओला." गावात तेव्हा खरोखरच पाऊस पडत होता. फळीवर पाणी होतं. गेरिटनं सगळ्यांना एकच शब्द पाठवला, "पाय."

पावणेसहाला मी सगळ्या बस सोडल्या. टेकडीवरचीही.

तुम्हाला काल दुपारी मी एवढंच कळवलं की चौदा नंबरची बस घसरली आणि मुलं सुखरूप आहेत. तेवढंच कळवायची ताकद होती. आता सगळं लिहिते. टेकडीवर छत्तीस नव्हतं, सर. वर गार हवा तशीच अडकून बसली होती. पडताना पाऊस पाण्याचाच होता, पण जमिनीला टेकला की काच होत होता. डेल्बर्ट कूइस्ट्रा सात वाजून दहा मिनिटांनी एकोणीस मुलं घेऊन उतरत होता. दुसऱ्या वळणावर चाकांखाली रस्ता उरलाच नाही. बस आडवी होऊन खाली सरकत गेली आणि नाल्याच्या कडेला कुंपणाच्या खांबांत अडकली. दोन खांब मोडले, तिसरा टिकला. सहावीतल्या एका मुलीचा हात मोडला. डेल्बर्ट सीटवरून उठून मुलांना मागच्या दाराकडे ढकलत होता, तेव्हा बस आणखी एक हिसका खाऊन खाली गेली आणि तो पायऱ्यांवर आपटला. त्याचं खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे. तो बासष्ट वर्षांचा आहे. एकतीस वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता.

मी तिथं पोचले तेव्हा मुलं रस्त्याकडेच्या गवतात बसली होती, कारण डांबरावर कुणालाच उभं राहता येत नव्हतं. ती रडत नव्हती. ते मला अजून समजत नाही. एकोणीस मुलं, आणि आवाज फक्त गवताच्या पात्यांचा. बर्फाच्या सालीत गुंडाळलेली पाती वाऱ्यानं एकमेकांवर वाजत होती. वारा ईशान्येचा होता.

नऊ वाजता शाळांच्या अधीक्षकांनी मला बोलावलं. "लोइस, टेकडीचा रस्ता कुणी पाहिला होता?"

नियम तुम्हाला माहीत आहे. शंका असेल त्या पहाटे बसगाड्यांच्या मुख्यानं स्वतः गाडी घेऊन वर जायचं, रस्ता बघायचा, मग ठरवायचं.

मी म्हटलं, "मी पाहिला. साडेपाचला टोल्फसन सरांच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळले. रस्ता नुसता ओला होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे डेल्बर्टनं गाडी जोरात घेतली."

मी त्यावर काही बोलले नाही.

दुपारी त्याला भेटायला इस्पितळात गेले. त्याची बायको जेवायला खाली गेली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच.

"अधीक्षक येऊन गेले," तो म्हणाला. "तू वर जाऊन आली होतीस म्हणाले."

"हो."

"कुठवर?"

"सरांच्या फाटकापर्यंत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा मोठी माणसं बघतात, तसं.

"कुठलं फाटक, लोइस?"

"सरांचं. निळं."

"ते फाटक जाऊन तीन वर्षं झाली, पोरी. घरही गेलं. मी रोज दोनदा तिथून जातो ना."

मला वाटलं, औषधांमुळे तो भ्रमात बोलतो आहे. तसं मी म्हटलंही.

"असेल," तो म्हणाला. "वर जाऊन ये एकदा. आणि घाबरू नकोस. मी कुणाला काही बोललेलो नाही. मला विचारलंच नाही कुणी. जोरात घेतलीस का, एवढंच विचारलं."

आज शाळा बंद होत्या. सकाळी साडेसहाला मी चाकांना साखळ्या बांधून निघाले. सहा मैल आहेत, सर. पाऊण तास धरला होता, पंचवीस मिनिटांत पोचले.

तुमच्या घराच्या जागी ब्लूबेरीच्या रांगा आहेत. तुमचा ओटा होता तिथं पाण्याच्या पंपाची टपरी आहे. तापमापकाची पांढरी पेटी नाही, तिचा खांबही नाही. मी दोनदा गाडीत जाऊन बसले आणि दोनदा उतरले. रस्ता चुकले असेन असं वाटलं. पण समोर तोच डोंगर होता आणि तेच वळण होतं. वाऱ्यानं टोपी उडवली, ती झुडपांत जाऊन अडकली. गाडीतला आकडा सत्तावीस होता.

ती टोपी सोडवत होते तेव्हा सात वाजले आणि खिशात फोन वाजला.

"चौतीस. वारा शांत. थोडं धुकं. मुलं कशी आहेत?"

सर, मी तुमच्या अंगणात उभी होते.

मी तो संदेश किती वेळा वाचला ते माहीत नाही. बोटं हलेनाशी झाली होती. तेवढ्यात एक ट्रक थांबला आणि तुमचे शेजारी हरबन्स गिल खाली उतरले, रासबेरीवाले. तीन दिवस सीमेपलीकडे मुलीकडे जाऊन ते त्याच वेळी परतत होते.

"कुणाला शोधताय?"

"टोल्फसन सरांना."

"ते तर केव्हाच गेले ॲरिझोनाला, मुलाकडे. चार वर्षं झाली. आधी आत या, हात निळे पडलेत तुमचे."

त्यांनी मला शेगडीपाशी बसवलं, दाट गोड चहा दिला आणि तुमची नाताळची कार्डं आणून दाखवली. चारही. एकावर निवडुंगाला लाल टोपी घातली आहे. पाकिटावरचा पत्ता मी तिथूनच उतरवून घेतला.

"छान माणूस," गिल म्हणाले. "हिवाळ्यात रोज पहाटे फोन करतो. गिल, किती अंश? गिल, वारा कुठून? मी म्हणतो, अहो, तुमच्याकडे ऊन आहे, तुम्हाला काय करायचंय आमचा वारा घेऊन! पण सवय असते एकेकाला. या तीन दिवसांत मी नव्हतो, तर माझ्या घरचा फोन वाजून वाजून दमला असेल."

म्हणजे चार हिवाळे मी गिलसाहेबांचं तापमान वाचत होते, तुमच्या नावानं. आणि या तीन दिवसांत ते घरी नव्हते, तर तुम्ही विमानतळाचा आकडा बघून अंदाजानं लिहिलं असणार. मंगळवारचा अंदाज गावापुरता अगदी बरोबर होता.

परत येताना गेरिटच्या गोठ्यावर थांबले. त्याला विचारलं, सर इथं नाहीत हे तुला ठाऊक होतं का. तो म्हणाला, "हो की. मला वाटलं तुलाही ठाऊक आहे. वर कुणालातरी नेमलंय त्यांनी, असं मी धरून चाललो." मग माझा चेहरा बघून त्यानं बादली खाली ठेवली.

पहिला तासभर मला तुमचा इतका राग आला होता की गाडी रस्त्याकडेला लावावी लागली. मला सहावीत तापमापक वाचायला तुम्ही शिकवलंत. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायला मला खोक्यावर उभं केलं होतंत. तुम्ही जे लिहिलंत त्यावर मी कधी बोट ठेवलं नाही. एकोणीस मुलं, सर.

मग राग सरला, आणि जे उरलं ते त्याहून वाईट आहे.

तुम्ही का केलंत ते मी विचारत नाही. गिल म्हणतात, तुम्ही ऑक्टोबरमध्ये गेलात. त्याच ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं, "सर, तुमच्या आकड्याशिवाय आमचा हिवाळा सुरू होत नाही." तुम्ही त्यावर हसला होतात. त्यानंतर तुम्हाला खरं सांगणं अवघड झालं असेल. मला काल सकाळी नऊ वाजता कळलं ते किती अवघड असतं, आणि मला तर समोर बसवून नुसता एक प्रश्न विचारला होता.

चार वर्षांत मी त्या टेकडीवर एकदाही गेले नव्हते. एकाही शंकेच्या पहाटे नाही. तुमचा आकडा येत होता, मग कशाला जायचं? एकदा जरी गेले असते तरी फाटक नसल्याचं दिसलं असतं. तुम्हाला भेटायलाही आले नाही. तुम्ही "वाट निसरडी आहे, येऊ नकोस" म्हणायचात आणि मला ते सोयीचं होतं. मंगळवारी तर छत्तीस वाचून मला नुसता कंटाळा आला. आणखी एक हिवाळा बर्फाशिवाय. माझ्या मनात मुलं नव्हती, फळी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगावं असं वाटलं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

उद्या दुपारी चार वाजता शाळा मंडळाची बैठक आहे. डेल्बर्टचा बस चालवायचा परवाना काढून घ्यायचा की नाही ते तिथं ठरेल, आणि त्यांच्यासमोर कागद एकच आहे, माझा. संध्याकाळी मी पुन्हा इस्पितळात गेले आणि त्याला सांगितलं की मी तो कागद बदलणार आहे. त्यानं विचारलं, "नोकरी जाईल ना?" मी म्हटलं, बहुतेक जाईल. तो म्हणाला, "मग जरा नीट लिही. अधीक्षकांना लांबण लावलेलं आवडत नाही." आणि मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. खुब्यामुळे त्याला पाठ वळवता येत नव्हती, नुसती मान.

तुमचं नाव त्यात येईल. ते टाळायचा मी दुपारभर प्रयत्न केला, जमलं नाही. तुमचा आकडा होता हे लिहिलं नाही तर मी का गेले नाही ते सांगता येत नाही. पण तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, माझ्याबद्दल तीन. डेल्बर्टच्या खोलीचा फोन नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. मला उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल. त्याला मात्र फोन करा.

कागद असा लिहिला आहे. तुम्ही माझे निबंध तपासायचात, म्हणून हाही आधी तुम्हालाच दाखवते:

"मंगळवार, १४ जानेवारीला पहाटे मी टेकडीवर गेले नव्हते. त्याच सकाळी मी गेले होते असं सांगितलं ते खोटं होतं. साडेपाच वाजता मी माझ्या स्वयंपाकघरात होते आणि खिडकीतून हिरवळीकडे बघत होते. टेकडीवरचा आकडा मला माझे शिक्षक श्री. टोल्फसन यांनी कळवला, तेही टेकडीवर नव्हते. त्या पहाटे तिथं फक्त डेल्बर्ट कूइस्ट्रा होता."

तुमची विद्यार्थिनी,
उद्या चार वाजेपर्यंत बसगाड्यांची मुख्य,
लोइस व्हेरहूफ