न घासलेली कवळी

ती. बाबा,

आज एका पेशंटला लागणारी कवळी घासून कमी करून द्यायला मी नकार दिला, म्हणून हे पत्र. तुम्ही जाऊन चार महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखी गोष्ट एकच होती आणि ती मला लिहायची नव्हती.

आधी कामाचं सांगते. कोर्स संपला. या देशात आता मी नुसती लॅबमधली टेक्निशियन नाही. ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही असा माणूस थेट माझ्याकडे येऊ शकतो. माप मी घेते, मेणावर दात मी लावते आणि तयार कवळी त्याच्या तोंडात मीच बसवते. कासलबार गावातल्या क्लिनिकमध्ये मला स्वतःची खुर्ची आहे. तुम्हाला हे ऐकून आनंद झाला असता, पण तो दाखवला नसतात. लगेच विचारलं असतंत, पॉलिशला कोणती पावडर वापरतात?

मिरजेत तुम्ही चाळीस वर्षं कवळ्या केल्यात आणि तोंड एकाचंही पाहिलं नाहीत. डॉक्टरांकडून मापं यायची, तुम्ही प्लास्टर ओतायचात. 'तोंड डॉक्टरांचं, कवळी आपली,' असं वर अभिमानाने सांगायचात. मला तो नियम फार आवडायचा. कुणाच्या कामात लुडबूड नाही, कुणाशी वाद नाही. पण बाबा, प्लास्टरच्या हिरडीवर जखम दिसत नाही हो!

कोर्समध्ये सुरुवातीचे कितीतरी आठवडे आम्हाला कवळीला हातही लावू दिला नाही. ओठ उलटून बघा, गाल बघा, जीभ बाजूला करून तिच्याखाली बघा, एवढंच. तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, कवळी करायला जिभेखाली कशाला बघायचं? मलाही हसू आलं होतं. तेव्हा माझीही पंधरा वर्षं लॅबमध्येच गेली होती.

मग गेल्या नोव्हेंबरमधला तो व्हिडिओ कॉल. खालची कवळी डाव्या बाजूला लागते, दोनदा घासली तरी लागतेच, असं तुम्ही म्हणालात. स्वतः बनवलेली कवळी, त्यामुळे थोडे चिडला होतात. तुम्ही ती कॅमेऱ्यासमोर धरलीत आणि मी लॅपटॉपवर वाकून नीट बघितली. मागची कड लांब वाटते, अजून अर्धा मिलिमीटर काढा, मी म्हणाले. तुम्हालाही पटलं. किती छान गप्पा झाल्या आपल्या त्या दिवशी, दोन कारागिरांच्या!

तोंड उघडा, असं मी म्हटलं नाही. किती दिवस झाले, हेही विचारलं नाही. त्याच आठवड्यात ऑनलाइन वर्गात शिकवलं होतं, की कवळी घासूनही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर पुन्हा घासायची नाही, पेशंटला पुढे पाठवायचं. माझ्या वहीत ते वाक्य आहे, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. तुम्ही पेशंट आहात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुमच्यावरही राग आहेच. फेब्रुवारीपर्यंत कशाला घासत बसलात? आई मागे लागली नसती तर कड पार संपेपर्यंत घासली असतीत. ज्यांच्यासाठी जन्मभर काम केलंत त्यांच्यातल्या एकाही डॉक्टरला दाखवावंसं वाटलं नाही? कवळीतलं आपल्यापेक्षा त्यांना काय जास्त कळतं, असं वाटलं ना? मलाही तसंच वाटलं असतं.

जखम कॅन्सरची निघाली, ऑपरेशनची तारीख ठरली आणि हॉस्पिटलमध्येच कोविड झाला. मला येता आलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलंय, आईही सगळ्यांना तेच सांगते. पण तिथे तुम्ही त्या जखमेपायी गेला होतात. आई आणखी एक गोष्ट सांगते. वृंदा इतकी लांब, पण बाबांचं दुखणं फोनवर बघून तिने उपाय सांगितला होता, असं. हे ती कौतुकाने सांगते आणि मी ऐकून घेते.

आज आलेला माणूस मायकल, सत्तरीचा, गावाबाहेर मेंढ्या पाळतो. जिभेच्या बाजूला कवळी लागते म्हणून दोन आठवड्यांपूर्वी आला होता. मी कड कमी केली, तारीख लिहिली आणि पुन्हा बोलावलं. आज पाहिलं तर जखम तशीच होती. मधल्या काळात त्याने शेडमध्ये बसून सँडपेपरने कवळी घासली होती, तेही अगदी व्यवस्थित. मी म्हटलं, आता घासणार नाही, हॉस्पिटलसाठी चिठ्ठी देते.

तो वैतागला. जरासं काढ, की झालं ग्रँड, म्हणाला; इथे 'मस्त'ला ग्रँड म्हणतात. डॉक्टर हवा असता तर डॉक्टरकडेच गेलो असतो, असंही म्हणाला आणि कोट घ्यायला उठला. नियम सांगून तो थांबणार नव्हता. म्हणून सांगितलं, की माझे वडील तुमच्यासारखेच घासत राहिले आणि गेले.

तो कोट हातात घेऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांना सांगणारं कुणी नव्हतं का?"

"होतं," मी म्हटलं. "मीच होते. मी त्यांना अजून घासायला सांगितलं."

बाबा, हे मी पहिल्यांदा कुणापुढे बोलले. तेही मास्क आणि व्हायझरच्या आडून, एका परक्या माणसापुढे. त्याने चिठ्ठी घेऊन खिशात ठेवली आणि हॉस्पिटलला कसं जायचं ते विचारलं. मी त्याच्यासमोरच फोन लावला, गुरुवारची वेळ मिळाली. साधी जखमही असेल कदाचित. असू दे.

तुमची माफी मागू का? तुम्ही म्हणाल, चूक कवळीची होती. नव्हती. कवळी उत्तम होती.

रविवारी आईचा फोन येईल. उपायाचं कौतुक तिने पुन्हा काढलं, की मी तिला थांबवीन आणि तो उपाय काय होता ते सांगेन. तिने फोन ठेवला, तर पुन्हा लावीन.

तुमची,
वृंदा