लोहचुंबक आणि ड्रायव्हरचे पाय

प्रिय इनिडताई,

टोपी काढून आणि (व्हेराच्या सांगण्यावरून) बूट पुसून हे पत्र लिहायला बसलो आहे, तेव्हा धाकट्या भावाचा आदर पोचला असं समज. तुझं कंबरेचं दुखणं कसं आहे? समुद्रकाठची हवा तुला मानवली असं मागच्या पत्रात होतं. तुझ्या शेजाऱ्यांना तू मानवलीस की नाही, ते मात्र तू कधीच लिहीत नाहीस. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. लँकशायरचा पाऊस नेहमीसारखाच आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं घडलं आहे ते क्लबात. हसू नकोस. चॅपलच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आम्ही ज्या तळहाताएवढ्या विजेच्या गाड्या टेबलावर मांडलेल्या रुळाच्या खाचेतून पळवतो, त्यांना तू ‘म्हाताऱ्यांची खेळणी’ म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. पण ताई, माणसं जितक्या गांभीर्याने खेळण्यांवर भांडतात तितक्या गांभीर्याने खऱ्या गोष्टींवर भांडत नाहीत, असं माझं अलीकडे मत होत चाललं आहे. आमच्याकडे एक ‘साधा गट’ आहे. त्याचा नियम क्लब काढणाऱ्या सिरिलने पूर्वीच एका ओळीत घालून दिला होता: गाडी खोक्यातून निघाली तशीच पळवायची. या एका ओळीवर आम्ही इतकी वर्षं सुखाने नांदलो. मग गॅविन आला.

गॅविन तरुण आहे (म्हणजे पन्नाशीचा), हुशार आहे, आणि त्याला शंका येतात. टायर घासून गोल केले तर ती गाडी ‘खोक्यातून निघाली तशी’ राहते का? चाकाच्या आसात मांजराचा केस अडकला तर तो बदल धरायचा का? (मांजर व्हेराचं होतं, त्यामुळे हा प्रश्न मला घरीही पुरला.) त्यातून ड्रायव्हरच्या पायांचं प्रकरण निघालं. गाडीत बसवलेल्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या ड्रायव्हरचे पाय बाहेरून दिसत नाहीत, म्हणून वजन वाचवायला गॅविनने ते कापून टाकले होते. त्यावर एक अख्खी बैठक झाली. शेवटी चहा घेऊन उभी असलेली व्हेरा म्हणाली, “अहो, त्या गरिबाला ब्रेक दाबायचा तरी असतो का? आणि चहा निवतोय तो वेगळाच!” तरीही पाय असलेच पाहिजेत, असा ठराव झाला.

पण हे सगळं किरकोळ. खरा वाद लोहचुंबकाचा. या गाड्यांच्या पोटाशी एक लोहचुंबक बसवलेला येतो आणि रुळाच्या खाचेलगत लोखंडी पट्ट्या असतात. त्यामुळे वळणावर गाडी रुळाला धरून राहते. चुंबक काढला की सगळा हवाला अंगठ्यावर. हातातला वेगाचा चाप केसभर जास्त दाबला की गाडी रुळाबाहेर. गॅविनचा ठराव होता की चुंबक काढावेत, म्हणजे खरा चालवणारा कोण ते कळेल. ठराव वाजवी होता. मला तो मनातून पटलाही होता. अडचण एवढीच की सिरिलचा उजवा हात गेल्या दोन वर्षांपासून थरथरतो.

हे कोणीही बोललं नाही. आम्ही इंग्रज लोक, त्यातून उत्तरेकडचे. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या हाताबद्दल बोलण्यापेक्षा आम्ही ड्रायव्हरच्या पायांवर बोलू. सगळे परंपरेवर बोलले, चुंबकाच्या इतिहासावर बोलले. सिरिल कोपऱ्यात बिस्किट चहात बुडवत होता. त्यातलं अर्धं बशीत सांडत होतं आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत होतो.

मग बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. मतं बरोब्बर निम्मी निम्मी. अशा वेळी अध्यक्षाने कौल द्यायचा, आणि यंदा अध्यक्ष कोण, तर तुझा भाऊ. मी उभा राहिलो आणि परंपरा, संस्था, पूर्वसुरी असं बरंच काही बोललो (व्हेरा म्हणते, चॅपलच्या पाद्र्यालाही एवढं जमत नाही) आणि चुंबकाच्या बाजूने कौल दिला. खाली बसताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. मित्रासाठी काहीतरी केलं आणि त्याला कळूही दिलं नाही, असं.

सिरिल उठला. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, आपली हिरवी गाडी उलटी केली आणि चुंबक काढायला लागला. त्या हाताने त्याला बराच वेळ लागला. निघालेला चुंबक त्याने माझ्यासमोर ठेवला, तो टक्कन बिस्किटांच्या डब्याला चिकटला.

“डेरिक,” तो म्हणाला, “मी काढायच्या बाजूने मत दिलं होतं रे. दोन वर्षं मला कळत नाहीये, गाडी मी चालवतोय की हा. आणि हा निदान खालून धरतो. तुम्ही सगळे वरून धरता!”

ताई, ते खरं होतं. आमच्याकडे रीत अशी की आपली फेरी झाली की आपण वळणावर जाऊन बसायचं आणि दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलून खाचेत ठेवायच्या. जी आधी पडली ती आधी उचलायची. पण सिरिलची गाडी पडली की आम्ही सगळे तिच्यावरच तुटून पडायचो, दुसऱ्याची आधी पडलेली असली तरी. वर एक हलकासा धक्काही द्यायचो. कोणी ठरवलं नव्हतं.

“पाय कापले तर बैठक घेता,” सिरिल म्हणाला, “आणि हा एवढा मोठा बदल केलात, तो मला न विचारता?”

 त्यावर बोलला तो गॅविन. त्याने अगदी हळू आवाजात, कान लाल करून सांगितलं की आत्ताच कायम ठेवलेल्या नियमाप्रमाणे सिरिलची गाडी आता बाद ठरते. म्हणजे क्लब ज्याने काढला त्यालाच मी, त्याच्या भल्यासाठी, क्लबाबाहेर काढलं होतं. सिरिल कोट घालून निघून गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ती खोली इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. मला त्याची फार आठवण येत होती आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

असो. स्वतःला जप. मांजर ठीक आहे, फक्त केस गळताहेत.

तुझा धाकटा भाऊ,
डेरिक

ता. क. वरचं लिहून पत्र दोन दिवस टेबलावर पडलं होतं. मधल्या काळात व्हेराने मला बखोटीला धरून सिरिलकडे नेलं. त्याला परत आणलं आणि क्लबात नवा नियम झाला: खोक्यातून आलेलं काढता येईल, बाहेरचं घालता येणार नाही. (यामुळे ड्रायव्हरचे पाय पुन्हा कापता येतात. गॅविन इतका खूश आहे की बघवत नाही.) काल सगळ्यांनी चुंबक काढून पळवून पाहिलं. सिरिल शेवटून दुसरा आला. शेवटचा मी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “माझा हात थरथरतो. तुझं कारण काय?”

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. नाताळच्या शर्यतीला तू ये. आमच्या शेवटच्या तीव्र वळणावर सिरिलची गाडी पडणार हे नक्की, आणि तिथे बसायला आमच्यातला एकही माणूस लायक नाही. काल ‘जी आधी पडेल ती आधी’ अशा शपथा घेऊनही वळणावरचे आम्ही तिघे तिच्याकडेच एकदम धावलो. लहानपणी मी टेकडीवरून सायकलसकट गडगडलो होतो, आठवतं? गुडघा फुटला होता. तू आधी सायकल उचललीस, चाक फिरवून पाहिलंस, तिचं तोंड रस्त्याकडे केलंस आणि म्हणालीस, “हं, बस.” तेवढंच करायचं आहे.