घरी उघडलेलं मशीन

३ फेब्रुवारी
डावी नाकपुडी सात आठवडे बंद. गाल सुजलेला, शिंकरलं की रक्त. नाकाच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. म्हणाले, सायनसमध्ये गाठ आहे, शेजारचं हाड झिजलंय. कॅन्सर असेल, नाहीतर एखादी दुर्मिळ सूज. दिसायला दोन्ही सारखंच. तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. चौदा तारखेला काढू. तोवर मनाने एकही गोळी घ्यायची नाही.
एकतीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतोय. गुरू नाही, क्लास नाही. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. यांना आतला फोटो बघूनही कळत नाही!

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
निदान झालं. सूजच. वाचनालयातल्या डॉक्टरी पुस्तकावरून वहीत तक्ता केला: सतरा लक्षणं, चौदा जुळली. उरलेली तीन छपाईच्या चुका असाव्यात. हिला दाखवला. म्हणाली, कॅन्सरचाही तक्ता करा की. वेळ नव्हता.

६ फेब्रुवारी
कोपऱ्यावरची टेलरबाई मशीन घेऊन आली. टाका सुटतो म्हणून नवऱ्याने घरीच उघडलं, दिसेल तो स्क्रू पिळला. आता मूळ बिघाड कुठला आणि नवऱ्याचा कुठला, ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पाटीकडे बोट दाखवलं: ‘घरी उघडून पाहिलेले मशीन आणू नये.’ अक्षर माझंच. एवढ्या वेळेस बघा ना भाऊ, म्हणाली. नाही म्हणजे नाही. लोकांना शिस्त नाही.

७ फेब्रुवारी
सुजेवर स्टेरॉइड, असं सगळीकडे लिहिलंय. कपाटात कै. सासऱ्यांच्या दम्याच्या गोळ्या सापडल्या. तीच जात. मुदत संपायला अकरा दिवस बाकी. डॉक्टरांच्या सूचना सामान्य पेशंटसाठी असतात. ही म्हणाली, अहो, बाबांना तरी कुठे लागू पडल्या त्या?

११ फेब्रुवारी
नाक मोकळं! गालही उतरला. दोन महिन्यांनी मशीनच्या तेलाचा वास आला. कॅन्सर काय गोळीने पळतो? हिलाही बाटली हुंगायला दिली. डोळे पुसत होती. तेल जरा उग्रच असतं.

१४ फेब्रुवारी
तुकडा काढला. आधी डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या घेता का? नाही म्हणालो. खोटं नव्हे. प्रश्न वर्तमानकाळी होता. पाकीट सकाळीच संपलं. ही उगाच खोकली.

२४ फेब्रुवारी
रिपोर्ट: नक्की काहीच सांगता येत नाही. मी तक्ता पुढे केला. हिने पर्समधून रिकामं पाकीट काढून तक्त्यावर ठेवलं.
डॉक्टर ओरडले नाहीत. ते मला आवडलं नाही. म्हणाले, या गोळीने सूज बसते, आणि एका जातीचा कॅन्सरही थोडे दिवस बसतो. खूणच पुसलीत तुम्ही. आता चार आठवडे थांबायचं, गाठ परत वाढू द्यायची, मग पुन्हा तुकडा. कॅन्सर असला तर? मी विचारलं. तर ते चार आठवडे त्याचे, म्हणाले.
जिना उतरताना हिने विचारलं, त्या टेलरबाईला काय सांगितलं होतंत हो तुम्ही? मी पायऱ्या मोजत होतो. बावीस.

२५ फेब्रुवारी
नाक पुन्हा चोंदलंय. तेलाचा वास येत नाही. दुकानातली पाटी काढली. रंग उडाला होता.